लायरल

लायरल : साबण, शाम्पू, डिओडरंट, आफ्टरशेव्ह, क्रीम आणि परफ्यूम यांत अनेक दशके वापरले गेलेले कृत्रिम सुगंधी रसायन. रासायनिक नाव हायड्रॉक्सीआयसोहेक्झिल 3-सायक्लोहेक्झीन कार्बोक्झाल्डिहाइड. वैद्यकीय लेखनात ‘एचआयसीसी’ असा संक्षेप रूढ आहे. लायरल हे इंटरनॅशनल फ्लेवर्स अँड फ्रॅग्रन्सेस या अमेरिकी कंपनीचे व्यापारी नाव. रंगहीन, दाट द्रव. गंध ‘लिली ऑफ द व्हॅली’ या युरोपीय फुलासारखा मंद व टिकाऊ. या फुलापासून व्यापारी प्रमाणात अर्क काढता येत नाही, म्हणून त्याचा वास अशा रसायनांच्या मिश्रणातूनच साधावा लागतो.

निर्मिती : मिर्सिनॉल व ॲक्रोलीन यांच्या संयोगाने.

त्वचेवरील परिणाम : रेणू लहान असल्याने तो त्वचेत सहज शिरतो. त्यातील ॲल्डिहाइड गट त्वचेतील प्रथिनांशी जोडला जातो आणि या जोडाला शरीर परके समजते. त्याविरुद्ध टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) तयार झाल्या, की पुढच्या प्रत्येक संपर्कात एकदोन दिवसांनी खाज, लाली, पुरळ व इसब उद्‌भवते. ही संवेदनशीलता सहसा जन्मभर राहते. औषधाने पुरळ बरे होते, ॲलर्जी जात नाही. काखेतील इसबाच्या रुग्णांत डिओडरंटची चौकशी करणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते.

निदान : पाठीवर पॅच टेस्ट (संशयित द्रव्य पट्टीने त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी) करून. सुगंधांच्या ॲलर्जीसाठी 1970 च्या दशकापासून वापरात असलेल्या ‘फ्रॅग्रन्स मिक्स’ या चाचणी-मिश्रणात आठ घटक होते, पण त्यांत लायरल नव्हते. त्यामुळे या मिश्रणाची चाचणी नकारात्मक आलेल्या रुग्णांमध्ये लायरलची ॲलर्जी नजरेतून सुटत राहिली. 1990 च्या दशकात युरोपातील त्वचारोग केंद्रांनी एकत्रितपणे केलेल्या चाचण्यांत त्याचे महत्त्व पुढे आले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रॅग्रन्स मिक्स 2’ या सहा घटकांच्या मिश्रणात ते घेतले गेले. 2008 मध्ये युरोपच्या मूलभूत चाचणी-मालिकेत व्हॅसलीनमधील 5 टक्के लायरल स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. विषारीपणाच्या प्राणिप्रयोगांपेक्षा रुग्णांच्या पाठीवरील या नोंदींनीच पुढील नियमनाचा पाया घातला, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

नियमन : युरोपीय संघाने 2003 च्या निर्देशाने 26 सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, लायरल त्यांपैकी एक. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात 0.001 टक्के व धुऊन टाकायच्या प्रसाधनात 0.01 टक्के यांहून अधिक प्रमाण असल्यास हा नियम लागू होई. सुगंध उद्योगाच्या इफ्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2003 मध्ये स्वतःहून 1.5 टक्के मर्यादा घातली. 2009 पर्यंत ती 0.2 टक्के व त्याखाली आणली. तोवर बरीच माणसे संवेदनशील झालेली होती. युरोपीय आयोगाच्या ग्राहकसुरक्षा वैज्ञानिक समितीने 2012 च्या अहवालात 1999 पासून प्रसिद्ध झालेल्या 1,500 हून अधिक रुग्णांचा दाखला देऊन हे रसायन ग्राहकोपयोगी वस्तूंत असूच नये, असे मत दिले. त्यानुसार ऑगस्ट 2017 मध्ये बंदीचा नियम निघाला. 23 ऑगस्ट 2019 पासून लायरलयुक्त नवी प्रसाधने बाजारात आणणे बंद झाले, तर 23 ऑगस्ट 2021 पासून जुन्या मालाची विक्रीही थांबली. याच नियमाने ओकमॉस या दगडफुलाच्या अर्कातील ॲट्रानॉल व क्लोरोॲट्रानॉल यांवरही बंदी आली. वैज्ञानिक मत आणि विक्रीबंदी यांत नऊ वर्षे गेली. रुग्णाच्या दृष्टीने हा विलंब समर्थनीय नाही.

भारत : प्रसाधनांचे नियमन कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 व भारतीय मानक 4707 यांनुसार होते.

तत्सम द्रव्ये : साधारण अशाच गंधाच्या लिलिअलवर युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून बंदी घातली, मात्र तिचे कारण प्रजननक्षमतेला असलेला धोका हे होते. लायरलची बंदी केवळ त्वचेच्या ॲलर्जीमुळे झाली.

ज्यांना या द्रव्याची ॲलर्जी आढळली आहे, त्यांनी घरातील जुन्या परफ्यूम व डिओडरंटच्या वेष्टनावर वरील रासायनिक नाव शोधावे आणि ते आढळल्यास ती वस्तू वापरू नये.