माईकपुढून आलेली कादंबरी

कुमारवयीन वाचकांसाठीच्या पद्य कादंबरीबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: नायिकेला तिचा आवाज सापडला. ते मलपृष्ठावर येतं, परीक्षणात येतं, मानपत्रातही येतं. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की आवाज म्हणजे कपाटामागे पडलेली किल्ली, नीट शोधलं तर जिची तिला मिळेल. एलिझाबेथ असेवेडो यांची ‘द पोएट एक्स’ ही २०१८ सालची कादंबरी तर या वाक्याचा नमुनाच मानली जाते. हार्लेममध्ये राहणारी, डॉमिनिकन आईबापांची पंधरा वर्षांची सिओमारा बतिस्ता, तिची कडक कॅथलिक आई, कवितांची चोरून लिहिलेली वही आणि शेवटी मंच. पुस्तकाला त्याच वर्षी अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, आणि २०१९ मध्ये प्रिन्ट्झ पारितोषिक व ब्रिटनचं कार्नेगी पदकही. कौतुक योग्यच आहे, पण त्या ठरलेल्या वाक्यात इतिहास गळून पडतो. सिओमाराच्या आवाजाला एक पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर आधीची पंचेचाळीस वर्षं बऱ्याच लोकांनी खटपट केलेली आहे.

पत्ता मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडचा. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ साली अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते लाखांनी न्यूयॉर्कला आले. कारखान्यांत, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत, मोठाल्या इमारतींच्या साफसफाईत त्यांना काम मिळालं. शाळेत मात्र त्यांच्या मुलांची भाषा चूक ठरली, घरातली स्पॅनिश आणि रस्त्यावरची इंग्रजी यांची सरमिसळ म्हणून. १९७३ च्या सुमारास मिगेल अल्गरीन यांच्या पूर्व सहाव्या रस्त्यावरच्या घरी याच सरमिसळीत कविता लिहिणारे लोक जमू लागले. अल्गरीन स्वतः रटगर्स विद्यापीठात शेक्सपिअर शिकवत. त्यांचा सोबती मिगेल पिन्येरो तुरुंगात नाटक लिहायला शिकलेला. दिवाणखाना पुरेना, तेव्हा १९७५ मध्ये शेजारचा एक आयरिश दारूचा गुत्ता भाड्याने घेतला, आणि पुढे पूर्व तिसऱ्या रस्त्यावर स्वतःची इमारत झाली. हाच न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. त्याच्याही आधी, १९६९ च्या डिसेंबरात, ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने ईस्ट हार्लेममधलं एक मेथडिस्ट चर्च ताब्यात घेतलं होतं. मागणी काय, तर वस्तीतल्या मुलांना सकाळची न्याहारी देण्यासाठी ती जागा वापरू द्या. तिथे पेद्रो पिएत्री याने आपली कविता म्हटली. यंग लॉर्ड्सनी आदर्श घेतला होता ब्लॅक पँथर्सचा. तीनच वर्षांनी मुंबईत त्याच पँथर्सचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ही त्याच वर्षी आला, म्हणून मराठी वाचकाला हे वातावरण समजावून सांगावं लागू नये. ज्या बोलीला वर्गात लाल रेघ पडते तीच बोली चारचौघांत मोठ्याने म्हणायची, ही रीत दोन्हीकडे एकाच सुमारास रुजत होती.

स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणण्याची गुणांवर चालणारी स्पर्धा, मात्र न्यूयॉर्कचा नाही, शिकागोचा. बांधकामावर काम करणारा मार्क स्मिथ हा कवी सभ्य काव्यवाचनांना कंटाळला होता. तिथे कवी कागदात डोकं घालून पुटपुटत आणि श्रोते सौजन्याने बसून राहत. १९८६ पासून ‘ग्रीन मिल’ या जुन्या जॅझ क्लबात रविवारी रात्री त्याने स्पर्धा सुरू केली. नियम थोडे पण कडक. तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, मग गुण कापायचे. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात काही वस्तू नाही. परीक्षक पाच, तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज. काही वर्षं बंद पडलेला न्यूयोरिकन कॅफे पुन्हा उघडला तेव्हा बॉब होल्मन यांनी स्लॅम तिथे आणला. या नियमांनी कवितेचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. समोरचा परीक्षक कदाचित नुसता बिअर प्यायला आलेला असतो. त्याला कविता पहिल्याच खेपेला, कानाने कळली पाहिजे. म्हणून ती प्रथमपुरुषी झाली, गोष्ट सांगू लागली, आई, बाप, गल्ली, अंगाचा रंग यांबद्दल थेट बोलू लागली. तीन मिनिटांत एक प्रसंग उभा करून त्याला वळण द्यायचं, हे कादंबरीच्या प्रकरणाचंच शिक्षण झालं. नव्वदीच्या दशकात हे लोण शाळकरी मुलांपर्यंत गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ साली ‘यूथ स्पीक्स’ सुरू झालं, न्यूयॉर्कमध्ये ‘अर्बन वर्ड’. किशोरवयीन मुलांचे स्लॅम आणि त्यासाठी शाळेनंतरचे कवितावर्ग भरू लागले. असेवेडो याच न्यूयॉर्कमध्ये वाढल्या, पुढे राष्ट्रीय स्लॅममध्ये जिंकल्या, आणि मेरीलँडमध्ये आठवीला इंग्रजी शिकवताना मुलांची तक्रार ऐकून कादंबरीकडे वळल्या. तक्रार अशी की पुस्तकांत आमच्यासारखं कोणी नसतं.

आता कादंबरी जवळून पाहू. सिओमारा वही कितीतरी आधीपासून लिहिते आहे. शब्द आहेत, राग आहे, निरीक्षणही तिखट आहे. ‘आतला आवाज’ म्हणतात तो पहिल्या पानापासून हजर आहे. तिच्याकडे नाही ती जागा. शाळेतल्या गालियानो मॅडम कवितेचा गट चालवतात तो मंगळवारी, आणि मंगळवारीच चर्चमध्ये तिचा दीक्षावर्ग असतो. कथानकाचा सगळा ताण या एका वेळापत्रकावर उभा आहे. मॅडमनी दिलेल्या निबंधांची युक्ती तर फारच बोलकी. असेवेडो आधी कच्चा मसुदा छापतात, त्यात ओळी तोडलेल्या, खरं ते बोललेलं. आणि मग प्रत्यक्षात वर्गात दिलेला निबंध, गद्यात, सभ्य, बिनधोक. एकाच मुलीचं, एकाच विषयावरचं लेखन, आणि दोन्हींत फरक पडतो तो वाचणारं कोण आहे याचा. मुलगी बदलत नाही, श्रोता बदलतो. आणि श्रोते मिळतात ते न्यूयोरिकन कॅफेच्या माईकसमोर, कवितेचा गट तिथे जातो तेव्हा. आईच्या हाती वही लागते आणि ती जाळते, त्या प्रसंगात सिओमारा ओरडून सांगते की कविता कागदावर नाहीत, छातीत आहेत. हा अलंकार समजू नये. स्लॅममध्ये कविता पाठ करायची रीत आहे, म्हणून तिच्या काही कविता खरोखरच पाठ आहेत.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच येईल. मुलांसाठीची पद्य कादंबरी स्लॅममधून निघाली हे खरं नाही. व्हर्जिनिया यूअर वुल्फ यांची ‘मेक लेमनेड’ १९९३ ची, कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ला १९९८ चं न्यूबेरी पदक मिळालं, दोघींचाही कॅफेशी संबंध नाही. मागे जायचं तर एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांची ‘ऑरोरा ली’ १८५६ ची, तीही कवयित्री होऊ पाहणाऱ्या मुलीचीच कथा. आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. तोडलेल्या ओळी, छोट्या नोंदी, पानावरचा मोकळा कागद हा साचा हेस आणि वुल्फ यांच्या पिढीने तयार करून ठेवला होता. पण ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळांत अडकलेली हेस यांची बिली जो कवी नाही. ती पियानो वाजवते. तिच्या ओळी कथेतल्या कोणाच्या कानावर पडत नाहीत. तो लेखिका आणि वाचक यांच्यातला करार आहे. ‘द पोएट एक्स’मध्ये कविता ही कथेतली वस्तू आहे. ती लपवता येते, कोणी चोरून वाचू शकतं, जाळू शकतं, तिला टाळ्या पडतात. साचा ग्रंथालयातून आला आणि त्यात भरलेला जीव कॅफेतून. ब्राउनिंग यांच्या ऑरोराला माईक लागला नाही, कारण तिला बापाची पुस्तकं होती आणि पुढे प्रकाशकही मिळाले. हार्लेममधल्या मुलीचं तसं नव्हतं.

दुसरा आक्षेप रसिकांचा: हे तुकडे केलेलं गद्य आहे. पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत तो खराच आहे. पद्य कादंबरी विकली जाते, शिक्षकांना आवडते, याचं एक साधं कारण म्हणजे पानावर शब्द थोडे असतात आणि वाचनाला घाबरणारं पोर जाड पुस्तक दोन दिवसांत संपवतं. त्या मागणीपोटी कितीतरी निर्जीव ओळी छापल्या गेल्या. पण असेवेडो यांची ओळ बहुतेक ठिकाणी श्वास संपतो तिथे तुटते. ध्वनिमुद्रित आवृत्ती त्यांनी स्वतः वाचली आहे आणि ती ऐकताना ही मोडणी कशासाठी आहे ते कळतं. स्लॅमबद्दलची तक्रार याहून जड आहे. समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी तर त्यात कलेची अखेरच पाहिली होती. इतकं टोक गाठायची गरज नाही, पण टाळ्यांवर गुण मिळाले की कवितेला टाळीच्या जागा पडतात, हे आपल्याकडच्या कविसंमेलनांनी पुरतं दाखवून दिलं आहे. दुखणं सांगायचं, आवाज चढवायचा, शेवटी मान ताठ करायची, असा एक ठसा स्लॅमने पाडलाच. कादंबरीचा शेवटही त्यातून सुटत नाही: आईबाप प्रेक्षकांत, मुलगी मंचावर. मला तो जरा लवकर जुळलेला वाटतो. वही जाळणारी आई तिच्या चर्चमधल्या फादर शॉन यांच्या मध्यस्थीने इतक्या थोड्या पानांत वळावी, हे पटायला जड जातं.

राहिला प्रश्न चर्चचा, आणि इथे माझ्या मांडणीला खरी अडचण आहे. आवाज कॅफेने दिला असेल, तर चर्चने तो दाबला असंच म्हणावं लागेल, आणि पुस्तक वरवर पाहता तसंच म्हणतं. पण सिओमाराच्या कानाची घडण कुठे झाली? रविवारच्या प्रार्थना, आईच्या तोंडची स्पॅनिश वचनं, एकसुरात केलेला माळेचा जप; लय आणि पुनरुक्ती तिने तिथे आधी ऐकली, स्लॅम खूप नंतर. वही जळत असताना मुलगी आपल्या ओळी म्हणते आणि आई धर्मग्रंथाच्या, म्हणजे दोन पाठांतरं समोरासमोर उभी राहतात. यंग लॉर्ड्सनीही कवितेसाठी आणि न्याहारीसाठी चर्चच निवडलं होतं, कारण वस्तीतली माणसं एकत्र बसून ऐकतात अशी मोठी जागा तीच होती. असेवेडो यांना हे पक्कं ठाऊक असावं. शेवटच्या निबंधाला त्यांनी कच्चा मसुदा वेगळा आणि दिलेला निबंध वेगळा ठेवलेला नाही. पहिला तोच अंतिम. आणि आवडतं वचन म्हणून सिओमारा त्यात निवडते ते कुठल्या कवीचं नव्हे, बायबलमधल्या ११९ व्या स्तोत्राचं.