कासवाची तहान

एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला निघालेली जहाजे गालापागोस बेटांवर थांबत, ती तिथल्या अजस्र कासवांसाठी. पकडलेली कासवे जहाजाच्या पोटात एकावर एक रचली जात. चारा नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्‌महिने जगत आणि खलाशांना ताजे मांस मिळे. कासवाला पाणी लागत नाही, या समजुतीला आणखी कुठला पुरावा हवा होता?

उलटा पुरावा त्याच बेटांवर होता. 1835 मध्ये तिथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनला किनाऱ्याकडून डोंगरातल्या झऱ्यांकडे जाणाऱ्या, कासवांनी तुडवून रुंद केलेल्या वाटा दिसल्या. झऱ्याशी पोचलेले कासव डोळे बुडेपर्यंत डोके पाण्यात घालून घटाघटा पिई. तहानेने व्याकूळ झालेले बेटकर तर कासव मारून त्याच्या मूत्राशयातले पाणी पीत. ते किंचित कडवट लागते, अशी डार्विनची नोंद आहे. थोडक्यात, जहाजातली कासवे पाण्यावाचून नव्हे, साठ्यावर जगत होती.

पिल्लाकडे हा साठा नसतो. इवल्या देहातून पाणी झपाट्याने उडून जाते.

युरोपात हे उशिरा उमगले, कारण तिथे पिल्ले होतीच कुठे? विसाव्या शतकात ब्रिटनच्या दुकानांत मोरोक्को, ग्रीस, तुर्कस्तानातून पकडून आणलेली कासवे ढिगाने विकली जात. 1984 मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य प्रदेशातल्या कासवांचा व्यापार बंद केला, तेव्हा घरच्या अंड्यांना मोल आले. हौशी पाळणाऱ्यांनी पिल्लांना वाळवंटी थाट दिला: तापलेला दिवा, कोरडा भुसा, पाणी जेमतेम. पिल्ले वाढली, पण कवचावर टेंगळे घेऊन. दोष बराच काळ प्रथिनांच्या माथी मारला गेला. 2003 मध्ये व्हिएन्नाच्या वीसनर आणि इबेन यांनी आफ्रिकी सुल्काटा कासवाची 50 पिल्ले वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि आहारात वाढवून पाहिली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचवटल्या. प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. वाळवंटाच्या कडेला राहणारे सुल्काटाही दिवसाचा बराच वेळ दमट बिळात काढते, हे कोणी लक्षातच घेतले नव्हते.

जाणकार आता पिल्लाच्या डोळ्यांकडे आधी पाहतात. ते खोल गेले, कातडी सैल पडली, पिल्लू हाताला हलके आणि मलूल लागले, की पाणी कमी पडतेय. लघवीबरोबर येणारा पांढरा पदार्थ मऊसर असावा. तो खडूसारखा रवाळ झाला तर मूत्राशयात खडा होण्याचा धोका. उपाय साधा आहे. उथळ भांड्यात कोमट पाणी, हनुवटीच्या खाली राहील इतकेच, त्यात रोज दहा-पंधरा मिनिटे बैठक, आणि लपायला एक ओलसर कोपरा. डोळे उघडत नसतील किंवा खाणे सुटले असेल, तर घरी प्रयोग न करता पशुवैद्य गाठावा.

भारतात हे ज्ञान मुख्यतः सुटका केंद्रांच्या कामी येते. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेतले स्टार कासव पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 2019 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. तरी विमानतळांवर सामानात कोंबलेली पिल्ले सापडतातच. अशा पिल्लांसमोर लगेच हिरवा पाला टाकण्याचा मोह होतो, पण आधी त्यांना कोमट पाण्यात बसवावे लागते.