अलाबामा : कापूस, राज्यघटना आणि मताधिकाराचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मुख्यतः स्वातंत्र्ययुद्ध, अब्राहम लिंकन आणि यादवी युद्ध या टप्प्यांतून शिकविला जातो. घटकराज्यांच्या इतिहासाकडे त्यामानाने दुर्लक्ष होते. वस्तुतः अमेरिकन संघराज्यात मतदारांची नोंदणी, मतदारसंघांची आखणी आणि शिक्षण हे विषय प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत राहिले. त्यामुळे संघराज्याच्या घटनेने दिलेले हक्क नागरिकाच्या पदरात प्रत्यक्षात किती पडले, हे राज्याच्या इतिहासातूनच उलगडते. या दृष्टीने अलाबामा हे राज्य विशेष अभ्यासनीय आहे. तेथे मताधिकार हिरावून घेण्यात दहशतीइतकाच कायद्याचाही वाटा होता आणि तो परत मिळविण्याच्या लढ्यातून अमेरिकन मताधिकारविषयक कायद्याची जडणघडण झाली. प्रस्तुत लेखात या दुहेरी प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

भूमी आणि आरंभीचा इतिहास

अमेरिकेच्या आग्नेय भागातील या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५० लाख २४ हजार असून त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. उत्तरेस अॅपलाचियन पर्वताच्या टेकड्या, दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातावरील मोबील बंदर आणि मध्यभागी काळ्या, सुपीक मातीचा ‘ब्लॅक बेल्ट’ अशी तेथील भूरचना आहे. या काळ्या जमिनीनेच राज्याच्या इतिहासाला दिशा दिली.

युरोपीय येण्यापूर्वी येथे प्रगत वसाहती होत्या. मातीचे प्रचंड उंचवटे उभारणाऱ्या संस्कृतीचे अवशेष माउंडव्हिल येथे आजही पाहावयास मिळतात. १५४० मध्ये स्पॅनिश सेनानी हर्नांडो द सोटो याने या प्रदेशात शिरून मोठा संहार केला. १७०२ मध्ये फ्रेंचांनी मोबीलची वसाहत स्थापिली. पुढे ती अनुक्रमे ब्रिटिश व स्पॅनिश सत्तेखाली जाऊन १८१३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आली. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अँड्र्यू जॅक्सन याने क्रीक लोकांचा पराभव केला व त्यानंतरच्या तहाने त्यांच्याकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन घेतली. १४ डिसेंबर १८१९ रोजी अलाबामा हे २२ वे राज्य म्हणून संघराज्यात समाविष्ट झाले. १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ व चेरोकी या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हुसकावण्यात आले.

कापूस आणि गुलामगिरी

मोकळ्या केलेल्या जमिनीवर कापसाचे मळे उभे राहिले आणि त्यांवर राबण्यासाठी जुन्या राज्यांतून हजारो गुलाम आणले गेले. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार होती. त्यांपैकी ४ लाख ३५ हजार, म्हणजे सुमारे ४५ टक्के माणसे गुलाम होती. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी असतानाही १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून सुमारे ११० आफ्रिकी माणसे मोबीलजवळ गुप्तपणे उतरविण्यात आली. या जहाजाच्या अवशेषांची ओळख २०१९ मध्ये पटली.

११ जानेवारी १८६१ रोजी अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले. फुटीर राज्यांच्या संघाची पहिली राजधानी मोंटगोमेरी हीच होती. येथेच फेब्रुवारी १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिस याने अध्यक्षपदाची शपथ घेतली. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली. त्यातूनच मुंबईत कापसाची अभूतपूर्व तेजी आली, वऱ्हाड व खानदेशातील कापसाला भाव चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती तेजी कोसळली. अलाबामाच्या मळ्यांतील घडामोडींशी महाराष्ट्राचा पहिला संबंध आला तो असा बाजारपेठेतून.

पुनर्रचना आणि १९०१ ची राज्यघटना

युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी पूर्वी गुलाम असलेले बेंजामिन टर्नर अलाबामातून काँग्रेसवर निवडून आले. परंतु १८७४ मध्ये श्वेतवर्णीय वर्चस्ववादी गट पुन्हा सत्तेवर आला आणि धाकदपटशा व मतमोजणीतील लबाडी यांचे युग सुरू झाले.

पुढील पाऊल अधिक विचारपूर्वक टाकले गेले. १९०१ मध्ये भरलेल्या घटना परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी संघराज्याच्या घटनेच्या मर्यादेत राहून श्वेतवर्णीयांचे वर्चस्व प्रस्थापित करणे हा परिषदेचा हेतू असल्याचे उघडपणे सांगितले. पंधरावी दुरुस्ती आड येत असल्याने नव्या घटनेच्या मताधिकारविषयक अटींत वंशाचा उल्लेख टाळण्यात आला. साक्षरता, चाळीस एकर जमीन किंवा तीनशे डॉलरची मालमत्ता, दीर्घ वास्तव्य आणि साचत जाणारा वार्षिक दीड डॉलरचा मतदान कर अशा अटी घालण्यात आल्या. माजी सैनिक व त्यांचे वंशज यांना १९०२ च्या अखेरपर्यंत सवलतीने नोंदणी करण्याची मुभा दिली गेली. उमेदवार पात्र आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याकडे राहिला. सर्व मख्खी येथेच होती.

परिणाम तत्काळ दिसला. १९०० मध्ये मतदानाच्या वयाचे सुमारे १ लाख ८१ हजार कृष्णवर्णीय पुरुष राज्यात होते. १९०३ मध्ये त्यांपैकी जेमतेम तीन हजारांची नावे मतदार यादीत उरली. कालांतराने मतदान कराने असंख्य गरीब श्वेतवर्णीयही यादीबाहेर फेकले गेले. जॅक्सन जाइल्स या मोंटगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकाने दाद मागितली, पण १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

टस्कीगी : शिक्षणाचा मार्ग आणि त्याची मर्यादा

मराठी वाचकाला या राज्याचा परिचय आहे तो वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या चरित्रामुळे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या टस्कीगी येथील संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये दाखल झाले व १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व रताळी घेण्याचा त्यांचा आग्रह होता. पुढे बोंडावर जगणाऱ्या ‘बोल वीव्हिल’ या भुंग्याने कापूस उद्ध्वस्त केला तेव्हा अनेक शेतकरी भुईमुगाकडे वळले. एंटरप्राइझ या गावाने तर १९१९ मध्ये त्या भुंग्याच्या नावे स्मारक उभारले.

वॉशिंग्टन यांनी जाहीरपणे राजकीय हक्कांपेक्षा उद्योग व शिक्षणावर भर दिला. मात्र जाइल्स यांच्या न्यायालयीन लढ्याला त्यांनी गुप्तपणे आर्थिक साहाय्य केले होते, ही बाब त्यांच्या भूमिकेचे मूल्यमापन करताना नजरेआड करता येत नाही. शिक्षणाने मताधिकार आपोआप येत नाही, हे टस्कीगीनेच पुढे सिद्ध केले. सुशिक्षित कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढताच १९५७ मध्ये विधिमंडळाने या शहराची चौरस हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली आणि सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सर्वांना शहराबाहेर काढले. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी या कायद्याला आव्हान दिले व १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

मोंटगोमेरी ते सेल्मा

१ डिसेंबर १९५५ रोजी मोंटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. त्यातून उभा राहिलेला बसवरील बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराचा आधार घेतला होता. १९५९ मध्ये त्यांनी भारताचा दौरा केला व मुंबईतील मणिभवनलाही भेट दिली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममधील निदर्शकांवर पोलिसी कुत्री व पाण्याचे झोत सोडण्यात आले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तेथील चर्चमध्ये झालेल्या स्फोटात चार मुलींचा बळी गेला.

तरीही मतदार यादीचा प्रश्न शिल्लक होता. लाउन्स परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी एकाचेही नाव यादीत नव्हते. मतदारसंघांची रचना १९०१ पासून बदललेली नसल्याने साडेपंधरा हजारांहून कमी वस्तीच्या या परगण्याला राज्याच्या सिनेटमध्ये एक जागा होती आणि सहा लाखांहून अधिक वस्तीच्या जेफरसन परगण्यालाही एकच. १९६४ च्या रेनॉल्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांवर झालेल्या अमानुष लाठीहल्ल्याने देश हादरला आणि ६ ऑगस्टला मताधिकार कायदा अस्तित्वात आला. १९७० मध्ये त्याच लाउन्स परगण्यात जॉन ह्युलेट हे कृष्णवर्णीय शेरीफ म्हणून निवडून आले.

हा विजय अंतिम मात्र नव्हता. अलाबामातीलच शेल्बी परगण्याच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या पूर्वपरवानगीविषयक तरतुदीचा आधार रद्द केला. याउलट २०२३ मध्ये राज्याच्या काँग्रेस मतदारसंघांच्या आखणीविरुद्ध त्याच न्यायालयाने निर्णय दिला. परिणामी २०२४ मध्ये अलाबामातून प्रथमच एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसवर गेले. नऊशेहून अधिक दुरुस्त्यांमुळे भारतीय राज्यघटनेच्या दुपटीहून अधिक विस्तारलेल्या १९०१ च्या घटनेतील वंशवादी मजकूर वगळण्यास मतदारांनी २०२२ मध्ये मान्यता दिली.

समारोप

भारतातही १९३५ च्या कायद्यान्वये मताधिकार मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून होता. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने या अटी दूर करून प्रौढ मताधिकार स्वीकारला आणि १९५१-५२ मध्ये बहुसंख्य निरक्षर जनतेने मतदान केले. त्या सुमारास अलाबामात साक्षरतेची अट हे कृष्णवर्णीयांविरुद्धचे हत्यार होते. यावरून असे दिसते की, मताधिकाराचे मूल्य कायद्याच्या शब्दांइतकेच मतदार यादी कोण तयार करतो आणि मतदारसंघाची रेषा कोण आखतो यावर अवलंबून असते. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेने मताधिकाराच्या अटींत वंशाचा शब्दही न उच्चारता लाखो नागरिकांना मतदानापासून वंचित ठेवले. म्हणूनच राज्यघटनांचा अभ्यास त्यांच्या कलमांपाशी न थांबता त्यांच्या अंमलापर्यंत जाणे आवश्यक ठरते.