पत्र्याच्या घरात चमकदार शीट: उकाडा खरंच कमी होतो का?

मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत फोन चार्जिंगला लावला की तो तापतो आणि चार्जिंग थांबतं. यात फोनचा दोष नाही. अ‍ॅपल स्वतःच आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगतं आणि विदर्भ-खान्देशात तेव्हा सावलीतच ४३-४४ अंश असतात. छताचा पत्रा तर ६०-६५ अंशांपर्यंत तापतो.

यावर उपाय म्हणून दुकानात अ‍ॅल्युमिनियमची चमकदार बबल शीट मिळते. ती काम करते. पण बरेच जण ती सरळ पत्र्याला चिकटवून टाकतात आणि इथेच निम्मे पैसे वाया जातात.

शीट नेमकं करते काय?

तापलेल्या तव्याजवळ नुसता हात धरला तरी धग लागते ना? पत्रा वरून तशीच धग खाली फेकत असतो. जुना, गंजलेला पत्रा ६५ अंशांवर आणि खालच्या वस्तू ४० अंशांवर असतील, तर दर चौरस मीटरला साधारण १५० वॅट उष्णता खाली येते. १० बाय १० ची खोली म्हणजे ९ चौरस मीटरच्या आसपास. थोडक्यात, डोक्यावर १,३०० वॅटचा हीटर चालू! पंखा कितीही फिरवा, ही धग हटत नाही.

चकचकीत अ‍ॅल्युमिनियम अशी धग ९५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतं, आणि स्वतः तापलं तरी खाली फार थोडी सोडतं. अट एकच, चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी. शीट पत्र्याला टेकली की उष्णता स्पर्शानेच आत शिरते आणि वरची चमक निकामी होते. खालून पीओपीचं सीलिंग घट्ट लावलं तर दुसरी बाजूही गेली. मग उरतो तो फक्त महागडा प्लास्टिकचा थर. शिवाय रोजच्या तापण्याने गोंद सुटतो ते वेगळंच.

लावायची कशी?

पत्र्याखाली लोखंडी पाइप असतात. शीट त्या पाइपांच्या खालच्या बाजूने ताणून लावा, म्हणजे दीड-दोन इंचांची पोकळी आपोआप मिळते. मध्ये झोळ येऊ नये म्हणून खालून तारा ओढा. जोडावर दोन इंच एकावर एक चढवून अ‍ॅल्युमिनियम टेप मारा. एकच बाजू चमकदार असेल तर ती खाली ठेवा. दुकानदार उलटं सांगेल, पण वरच्या बाजूवर धूळ बसते आणि धुळीखाली चमक कामाची राहत नाही. पोटमाळ्याच्या फळ्यांवर शीट अंथरू नका ते याच कारणाने. आढ्याजवळ आणि खालच्या कडेला दोन बोटं फट सोडा, पोकळीतली गरम हवा बाहेर पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते. एखादा उघडा जोड शीटला टेकला तर अख्खं छत करंट मारू शकतं. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करा, वायरी पीव्हीसी पाइपमधून घ्या आणि घरात आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा. बबल शीटच्या आत प्लास्टिक असतं, ते पेट घेतं. चुलीवर किंवा गॅसच्या वर ती लावूच नका.

मोजायचं कसं?

फोनमधल्या 'रूम टेम्परेचर' अ‍ॅपवर जाऊ नका. बहुतेक फोनमध्ये बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो, अ‍ॅप बॅटरीचं तापमान किंवा इंटरनेटवरचा हवामानाचा आकडा दाखवतं. इन्फ्रारेड थर्मामीटरही चमकदार शीटवर फसतो, कारण त्याला शीटपेक्षा खालच्या वस्तूंचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. शीटवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा.

आणि हो, अ‍ॅल्युमिनियम मोबाइलचा सिग्नलही अडवतं. पत्र्यामुळे तो आधीच कमी असतो, त्यामुळे भिंतींना शीट लावायचा मोह टाळा. वायफाय राउटर माळ्यावर असेल तर खाली आणा.

हा एसी नाही, हवा ४३ अंशांची असेल तर खोलीतली हवा त्याच्या आसपासच राहणार. डोक्यावरची धग मात्र जाते. रात्री उलटं होतं. पत्रा पटकन निवतो, पण शीटमुळे तो गारवा खाली यायला वेळ लागतो. म्हणून सूर्य मावळला की खिडक्या सताड उघडा.