कूलंट: गोड लागणारं विष

परवा रविवारी अंबरनाथ पूर्वेला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी माझ्या पल्सरचं कूलंट बदललं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं; नाहीतर उकळता फवारा थेट तोंडावर. ड्रेन बोल्ट काढून जुनं कूलंट टबात घेतलं.

पण बाइकमध्ये हे आलं कधी? २००१ ची पल्सर वाऱ्यावरच गार व्हायची. पल्सरला रेडिएटर मिळाला २०१२ च्या २०० एनएसमध्ये. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल मात्र बरंच जुनं. फ्रान्सच्या वुर्त्झ यांनी ते १८५६ मध्ये बनवलं. १९२० च्या दशकात ते गाड्यांच्या रेडिएटरमध्ये गेलं, कारण ते मिसळलं की पाणी थंडीत लवकर गोठत नाही आणि शंभर अंशांना उकळतही नाही.

घोळ एकच. ते चवीला गोड आहे आणि विषारीही. कुत्र्याने चाटलं तर किडनी जाते.

टब घेऊन गटारापाशी पोचलो, तर पार्किंगमधला मोत्या शेपूट हलवत मागे आला. तिथेच थांबलो. आमची गटारं जातात वालधुनीत, १०६० च्या शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या नदीत.

आता ते कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आहे, वर लेबल लावून. कोणतं गॅरेज घेतं ते विचारतोय. तोवर कॅन माळ्यावर. तुमचं जुनं कूलंट कुठे गेलं, आठवतंय?