बोटीवरचा डबा : एका भरवशाची कुळकथा

डबाबंद अन्न जन्माला आलं ते समुद्रापायी. अठराव्या शतकात युरोपातली आरमारं महिनोन्‌महिने पाण्यावर असत. खलाशांच्या ताटात खारवलेलं मांस, सुके वाटाणे आणि दातांनी फुटू नयेत इतकी टणक बिस्किटं असायची. बिस्किटांत अळ्या पडत, पिंपातलं मांस नासे, आणि ताज्या भाजीफळांअभावी स्कर्व्हीने माणसं मरत. अन्न पिकवण्याची विद्या जुनी होती, पण शिजवलेलं अन्न हजारो मैलांवर, महिन्यांनंतर, जसंच्या तसं पोचवण्याची विद्या कुणाकडेच नव्हती.

ती प्रथम हाती लागली निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याला. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत तो मटार, मांस, रस्सा, दूध भरी. बूच घट्ट ठोकून तारेने आवळी आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवी. कोणत्या पदार्थाला किती वेळ हे त्याने वर्षानुवर्षं करून पाहून ठरवलं. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या बोटींवर नेऊन तपासल्या. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले ते एका अटीवर: कृती छापून सर्वांसाठी खुली करायची. त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. बाटलीतलं अन्न का टिकतं, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. जिवाणूंचं काम पाश्चरने उलगडून दाखवायला अजून अर्धं शतक होतं.

काच बोटीवर फुटते. १८१० मध्येच लंडनमध्ये पीटर ड्युरँड याने अन्न टिकवण्याच्या पेटंटमध्ये काचेबरोबर पत्र्याची भांडीही नोंदवली. पत्रा लोखंडाचा, पण वर कथलाचा मुलामा. भांड्यांना कल्हई का करतात हे जाणणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको. हे पेटंट ब्रायन डॉन्किन या अभियंत्याने १,००० पौंडांना घेतलं आणि १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना उभा राहिला. कारागीर पत्रा कापून, वाकवून, हाताने झाळून एकेक डबा बनवत. पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं ब्रिटिश आरमार.

इथे या कुळकथेतलं खरं वळण आहे. बाटलीतलं अन्न डोळ्यांना दिसायचं. पत्र्याआडचं दिसत नाही. शिवाय खाणारा अशा ठिकाणी असतो जिथून बदली डबा मिळत नाही. डॉन्किनने हे ओळखलं होतं. तयार झालेले डबे तो महिनाभर सुमारे ३२ ते ४३ अंश सेल्सिअसच्या उबदार खोलीत ठेवी. आत काही जिवंत उरलं असेल तर वायू धरून डबा फुगे. तो बाजूला काढला जाई. जे फुगले नाहीत तेच बोटीवर चढत. विज्ञानाला कारण सापडण्याआधी एका कारखानदाराने परीक्षा शोधली होती, आणि आजचे कारखानेही नमुन्याचे डबे असेच उबेला ठेवून पाहतात.

त्या कसोशीचं फळ आहे १८२४ मध्ये पॅरी या ब्रिटिश दर्यावर्दीच्या ध्रुवीय मोहिमेबरोबर गेलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा. तो न उघडताच परत आला आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, शास्त्रज्ञांनी तो उघडला. मांस बऱ्याच अंशी चांगलं होतं. अशा डब्यावर तो छिन्नी-हातोड्याने उघडण्याची सूचना असे, कारण डबे उघडण्याचं खास हत्यार निघालं ते १८५० च्या दशकात.

कसोशी सुटली की काय होतं, तेही आरमारानेच पाहिलं. स्टीफन गोल्डनर या कंत्राटदाराने मोल्डाव्हियातल्या गॅलात्स इथल्या कारखान्यातून स्वस्त दरात मांसाचे डबे पुरवले. १८५२ च्या सुरुवातीला पोर्ट्‌समथला साठा फोडून पाहिला, तेव्हा बहुतेक डबे सडलेले निघाले. एक कारण डब्यांच्या आकारात मानलं जातं. डबा मोठा झाला की उष्णता मध्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ न दिल्यास कडेचं मांस शिजतं आणि मधलं सडतं. बाहेरून मात्र चांगला आणि सडका डबा सारखाच.

उकळत्या पाण्यापुढे जाण्याची सोय अमेरिकेत झाली. १८७४ मध्ये बाल्टिमोरला ए. के. श्रायव्हरने दाबाच्या वाफेवर चालणारं बंद पात्र, म्हणजे रिटॉर्ट, वापरात आणलं. १८९० च्या दशकात बोस्टनचे डबेवाले विल्यम अंडरवूड आणि एमआयटीचे सॅम्युएल प्रेस्कॉट यांनी फुगणाऱ्या डब्यांचा शोध घेतला. उकळत्या पाण्यालाही न जुमानणारे बीजाणू त्यांना सापडले. अशा बीजाणूंतला सर्वांत घातक बॉट्युलिझमचा: तो हवेविना, म्हणजे नेमका बंद डब्यात, वाढतो. १९१९-२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डबाबंद ऑलिव्हांनी दूरच्या राज्यांत माणसं दगावली, आणि १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाने कारखान्यांच्या तपासणीचा कायदा केला. १२१ अंश सेल्सिअस, डब्याच्या अगदी मध्यभागी, सुमारे ३ मिनिटं, हे माप पुढे जगभर मान्य झालं.

आपल्या हापूसच्या रसाला इतकी आच का लागत नाही, याचं उत्तरही याच शोधात आहे. पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी, म्हणजे पुरेसा आंबट, असेल तर तो बीजाणू रुजत नाही. उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते. म्हणून रसात लागेल तसं सायट्रिक आम्ल घालून आंबटपणा राखतात. कोकणात हंगामाच्या शेवटी पेटीत न बसणारं फळ ‘कॅनिंगला’ जातं आणि ३.१ किलोच्या डब्यांतून परदेशी पोचतं. पालक पनीर किंवा डाळ आंबट नसते. तिला रिटॉर्टखेरीज गत्यंतर नाही. डब्याऐवजी लवचीक पाकिटात हे करण्याचं तंत्र म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी विकसित केलं आणि उद्योगांना दिलं.

डबे परदेशी नेण्याची रीतही पालटली. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला बोटीने नेले आणि समुद्री वाहतूक बदलली. १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर त्याच पद्धतीवर चालतं. पण समुद्राने परीक्षा घेणं सोडलेलं नाही. दमट हवेत भरलेला कंटेनर थंड पाण्यात शिरला की छताला दव धरतं, ते खाली ठिबकतं, डबे गंजतात, लेबलं सुटतात. म्हणून आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात.

अमेरिकेत कमी आंबट डबाबंद पदार्थ पाठवायचे तर कोणता पदार्थ, कोणत्या आकाराच्या डब्यात, किती अंशावर, किती मिनिटं हे आधी सरकारदरबारी दाखल करावं लागतं. प्रत्येक घाण्याची नोंद माल निघण्यापूर्वी तपासलेली असावी लागते. अपेरची वेळापत्रकं, डॉन्किनची उबदार खोली आणि गोल्डनरच्या सडक्या डब्यांचा धडा त्या एका नोंदवहीत आहे. कोकणातल्या, सोलापूर-नाशिकच्या नव्या उद्योजकांना पॅकिंग आणि लेबल हौसेने शिकवलं जातं. रिटॉर्टचा तापमापक वाचणं आणि वाचलेलं खरं लिहिणं तितक्याच निगुतीने शिकवलं पाहिजे, कारण परक्या मुलखातला खाणारा आपल्याला ओळखत नाही आणि डब्याच्या आत त्याला पाहता येत नाही.