स्टॅबिलायझर लिंक
मोटारीच्या अँटी-रोल बारचे टोक सस्पेन्शनच्या स्ट्रटला किंवा खालच्या आर्मला जोडणारा लहान दांडा. गॅरेजात ‘लिंक रॉड’. वळणावर गाडी कलू लागली की तो चाकाची हालचाल बारपर्यंत पोचवतो, बारला पीळ बसतो आणि कलणे आवरते. बॉल जॉइंटवरचे रबरी बूट फाटले की ग्रीस जाते, धूळपाणी शिरते, सांधा ढिला होतो. मग खडबडीत रस्त्यावर हळू जातानाही ‘खडखड’ ऐकू येते. या आवाजापायी थेट शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याची घाई करू नये; आधी लिंक हाताने हलवून पाहावी. त्या वेळी दोन्ही चाके समान उंचीवर हवीत. एकच चाक उचलले तर बार ताणलेला राहतो आणि ढिलेपणा लपतो. लिंक शक्यतो जोडीने बदलतात.